कायदा कशासाठीं?

कायदा केवळ अपराध्यास शासन करण्यासाठीं असतो, असें पुष्कळांस वाटतें. परंतु दुर्बळाचा हक्क बळकटाच्या मर्जीवर राहूं नये, हा त्याचा मुख्य हेतु होय, असें आम्ही समजतों.

कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मुलास शाळेंत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. तो खजिना भरण्यासाठीं नव्हे, तर गुरें राखणाऱ्या पोराच्या हातीं पाटी यावी म्हणून. तथापि अस्पृश्यांच्या शाळा निराळ्याच राहिल्या; १९१९ सालीं त्या बंद करून सर्व मुलांस एकत्र बसविण्याचा हुकूम काढावा लागला.

ह्यावरून आपण काय शिकावें? हुकूम सरकार काढितें. पण शेजाऱ्याच्या मुलास आपल्या मुलाजवळ जागा देणें गांवाच्याच हातीं असतें.