नम्रता आणि स्वेच्छेचे आज्ञापालन

अहिल्याबाई होळकरांविषयी एक गोष्ट इंदुरात लहानथोर सर्वांस ठाऊक आहे. राज्याची सारी सत्ता हाती असूनही त्या आपले हुकूम श्रीशंकराच्या आज्ञेवरून काढीत असत. आज्ञा करणाऱ्यानेही स्वतःस कोणाचे तरी आज्ञांकित मानावे, हा त्यातील भाव. ख्रिस्ती धर्मात या भावाला फार मोठे स्थान आहे. शेजाऱ्याच्या धर्मातील एखादे तत्त्व समजून घेणे हाही अभ्यासच होय. म्हणून विद्यार्थिमित्रहो, या लेखात आम्ही त्याचा थोडा विचार करणार आहोत.

प्रथम शब्दांचे अर्थ पाहू. भीतीने वाकणे ही लाचारी; लाभासाठी वाकणे ही खुशामत. सामर्थ्य असूनही, कोणी भाग न पाडता, दुसऱ्याच्या हितासाठी वाकणे ही नम्रता होय. आज्ञापालनाचेही तसेच आहे. आसुडाच्या धाकाने बैलही चालतो. परंतु त्यास आपण आज्ञाधारक म्हणत नाही. जी आज्ञा समजून-उमजून, मनापासून पाळली जाते, तिचेच मोल आहे.

ख्रिस्ती शास्त्रात याचा आदर्श स्वतः येशू ख्रिस्त होय. योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायी एक प्रसंग आहे. त्या देशी लोक वहाणा घालून धुळीच्या वाटेने चालत आणि घरी आलेल्याचे पाय धुणे हे चाकराचे काम समजले जाई. अखेरच्या भोजनाच्या रात्री येशू उठला, कमरेस रुमाल बांधून त्याने शिष्यांचे पाय धुतले. पेत्रास ते सहन होईना. गुरूने शिष्याचे पाय धुवावेत हे त्याच्या मते विपरीत होते. परंतु येशूने त्यास थांबविले आणि सर्वांनी परस्परांशी असेच वागावे, असे सांगितले. त्याच रात्री गेथशेमाने बागेत, मरण समोर दिसत असता, हे दुःख टळावे अशी त्याने प्रार्थना केली. आणि शेवटी आपली नव्हे तर पित्याची इच्छा पूर्ण होवो, असे म्हणून ते पत्करले. दुःख टळावे असे वाटणे आणि तरीही कर्तव्य पत्करणे, या दोहोंतच स्वेच्छेचे आज्ञापालन दिसून येते. वेदना न वाटणारा माणूस आज्ञाधारक नसतो, तो केवळ जड असतो.

हा भाव आपल्या लोकांस परका नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी लहानमोठा हा भेद विसरून एकमेकांच्या पाया पडतात. कोकणी बोलणाऱ्या आम्हां लोकांत, ख्रिस्ती घरांतून, सायंप्रार्थना आटोपली की मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागतात.

आता प्रश्न असा की, नम्र माणसाने प्रत्येकाची प्रत्येक आज्ञा पाळावी काय? याचे उत्तर पंडिता रमाबाईंच्या चरित्रात सापडते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना वडील अनंतशास्त्री डोंगरे व आई लक्ष्मीबाई यांच्याकडून संस्कृत विद्या लाभली. हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांचा 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरव केला. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांनी आता धर्माधिकाऱ्यांचे म्हणणे निमूटपणे मान्य करावे, अशी तेथील कित्येकांची अपेक्षा होती. बाईंनी पुरुषांस शिकवू नये, असे बिशपांचे मत पडले, तेव्हा रमाबाईंनी त्यास स्पष्ट विरोध केला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नसावीत, असेही त्यांनी विचारले. ईश्वराची आज्ञा त्यांना शिरसावंद्य होती. परंतु ती कोणती, हे आपल्या सदसद्विवेकबुद्धीस विचारल्यावाचून दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्यास त्या तयार नव्हत्या.

या मानी विदुषीने पुढे काय केले ते पाहा. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून सुमारे ३०० अनाथ मुली व विधवा यांना त्यांनी आश्रय दिला. पुण्याजवळ केडगाव येथे 'मुक्ती' सदन उभे राहिले. तेथील स्त्रियांना बायबलाचे तत्कालीन मराठी भाषांतर कठीण वाटे. तेव्हा रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि अनेक वर्षे खपून खेड्यातील बाईस कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरविले. छापखान्यातील खिळे जुळविण्याचे कामही सदनातील मुलींनीच केले. १९२१ साली एकुलती एक कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. बिशपांपुढे न वाकलेली विद्वत्ता निरक्षर स्त्रियांपुढे आपण होऊन वाकली.

दुसरे उदाहरण आपल्या इंदूरजवळचे आहे. केरळात १९५४ साली जन्मलेल्या सिस्टर राणी मारिया यांनी संन्यासिनीच्या दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन या तीन प्रतिज्ञा घेतल्या होत्या. १९९२ साली त्या देवास जिल्ह्यातील उदयनगरास आल्या. सावकारी कर्जात बुडालेल्या आदिवासी शेतकरी-मजुरांना त्यांनी बचतीचा व बँकेचा मार्ग दाखविला. काही बलवंतांना ते रुचले नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये त्यांची हत्या झाली. २००२ साली त्यांच्या धाकट्या बहिणीने तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली व त्यास भाऊ मानले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरातच राणी मारियांना 'धन्य' घोषित करण्यात आले. आज्ञापालनाची शपथ घेतलेली ही स्त्री जुलमापुढे मात्र झुकली नाही.

या दोन्ही चरित्रांचे सार एकच आहे: जो सत्यापुढे आणि दुर्बळापुढे आपखुशीने वाकतो, त्यास बळजबरी वाकवू शकत नाही.

विद्यार्थ्यांनी यापासून काय घ्यावे? शाळेतील घंटा, गृहपाठ, रांग यांमागील हेतू समजून घ्यावा आणि मग त्या आज्ञा मनापासून पाळाव्यात. हेतू न कळल्यास आदराने विचारावे. असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. कोणी कॉपी करण्यास वा दुबळ्या मुलाची टवाळी करण्यास सांगितले, तर शांतपणे नकार द्यावा आणि त्यामुळे जे सोसावे लागेल ते सोसावे. आपल्या नम्रतेची परीक्षा मुख्याध्यापकांच्या खोलीत होत नाही. वर्ग झाडणारी बाई, पाणी भरणारा शिपाई आणि खालच्या इयत्तेतील मूल यांचे आपणांस भय नसते, त्यांच्याकडून लाभही नसतो. त्यांच्याशी आपण कसे बोलतो, तेथेच ती परीक्षा होते.