दिवे हिरवे, लाइन मेलेली

‘आमच्याकडे दोन राउटर आहेत, काळजी नाही.’ पनवेल परिसरात नेटवर्कची कामं करताना हे वाक्य मी सतत ऐकतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या एका गोदामातही तेच ऐकलं होतं. पुढे रस्ता खणताना जेसीबीने फायबर तोडली आणि फाटकाशी ट्रक अडकले. माल भरलेला, काट्यावर वजन झालेलं, पण ई-वे बिल निघेना. २०१८ पासून ठरावीक किमतीवरचा माल या बिलाशिवाय हलवता येत नाही. वाटेत गाडी अडवली तर दंड. ड्रायव्हर वैतागलेले, मालक कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या मुलावर ओरडतायत, आणि रॅकमधल्या दोन्ही राउटरचे दिवे हिरवे.

लॉगिन करून पाहिलं. व्हीआरआरपी चालू होतं, म्हणजे एक राउटर बंद पडला की दुसऱ्याने काम हाती घ्यायची सोय. १९९८ पासूनचा हा प्रोटोकॉल. सिस्कोचा एचएसआरपीही त्याच कामाचा. एका राउटरचा पत्ता .२, दुसऱ्याचा .३ आणि दोघांनी मिळून धरलेला आभासी पत्ता .१. सगळ्या कॉम्प्युटरना गेटवे म्हणून .१ द्यायचा. ज्याची प्रायोरिटी जास्त तो मास्टर. तो दर सेकंदाला ‘मी आहे’ असा निरोप पाठवतो. साडेतीन-पावणेचार सेकंद निरोप आला नाही की दुसरा कारभार हाती घेतो. मॅक पत्ताही आभासी असल्यामुळे कॉम्प्युटरला या बदलाचा पत्ताच लागत नाही.

घोडं अडलं होतं ते वेगळ्याच ठिकाणी. हा निरोप आतल्या बाजूने, स्विचवरून जातो. बाहेरची लाइन तुटली तरी तो चालूच राहतो. त्यामुळे मास्टर मास्टरच राहिला, त्याच्याकडे आलेलं प्रत्येक पॅकेट तिथेच संपत होतं, आणि शेजारच्या राउटरची धडधाकट लाइन रिकामी पडून होती. मी मास्टरची प्रायोरिटी १२० वरून ९० केली. दुसऱ्याची १०० होती. काही सेकंदांत कारभार तिकडे गेला आणि बिलं निघू लागली.

म्हणून बाहेरच्या लाइनचं ट्रॅकिंग लावल्याशिवाय व्हीआरआरपीचं काम पूर्ण झालं असं समजू नका. नुसत्या पोर्टवर लक्ष ठेवून भागत नाही. फायबर बाहेर तुटते, पण इंटरनेट कंपनीचा डबा तुमच्या खोलीत चालूच असतो, म्हणून राउटरला पोर्ट जिवंतच दिसतो. त्या लाइनवरून बाहेरच्या दोन वेगवेगळ्या पत्त्यांना पिंग करत राहा, आणि दोन्ही गप्प झाले तरच प्रायोरिटी उतरवा. किती उतरवायची, हे गणित नीट करा. १२० मधून १० वजा केले तर ११० उरतात, म्हणजे १०० वाला बॅकअप जागचा हलणारच नाही. ही चूक मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे. लाइन परत आल्यावरही जुन्या मास्टरला लगेच कारभार देऊ नका, दोन-तीन मिनिटं थांबवा. जोडकाम चालू असताना लाइन येते-जाते, आणि दर वेळी बाहेरचा आयपी बदलून बँकेचं लॉगिन आणि व्हीपीएन तुटतं.

त्या गोदामात आणखी एक गोष्ट निघाली. वजनकाट्याचा कॉम्प्युटर आणि कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांत कुणीतरी हाताने गेटवे .२, म्हणजे थेट जुन्या मास्टरचा पत्ता, टाकून ठेवला होता. बाकी सगळं सुरू झालं तरी ते दोघे बंदच. आपोआप पत्ते वाटणारं डीएचसीपी बघाच, पण हाताने पत्ते दिलेली यंत्रं एकेक करून तपासा.

दोन्ही राउटर एकमेकांना दिसेनासे झाले, म्हणजे मधला स्विच बिघडला किंवा फायरवॉलने निरोप अडवला, तर दोघेही मास्टर होतात आणि नेट अर्धवट चालतं. हा बिघाड शोधायला सर्वात कठीण.

आणि लाइन घेताना दोन्ही कंपन्यांना एकच प्रश्न विचारा: तुमची फायबर इमारतीपर्यंत कुठून येते? बिलं दोन आणि चर एकच, असं सर्रास असतं. पनवेलमध्येच २०२० साली सुरू झालेल्या योट्टासारख्या डेटा सेंटरमध्ये विजेपासून फायबरपर्यंत सगळ्यांच्या वाटा वेगळ्या ठेवतात. छोट्या गोदामाला तेवढं परवडणार नाही, पण दुसरी लाइन मोबाइल नेटवर्कवरची घेणं नक्की परवडतं. दोन्ही राउटर एकाच यूपीएसवर असतील तर तेही आजच वेगळे करा.

चाचणी पावसाळ्याआधी, सुट्टीच्या दिवशी घ्या. राउटरची पिन काढू नका. कंपनीच्या डब्याला भिंतीकडून येणारी फायबर काढा, आणि काट्याच्या कॉम्प्युटरवरून ई-वे बिलाचं पोर्टल उघडतंय का ते पाहा.