खेळाचा नियम आणि हवामानाचा प्रचार

हवामानबदलाचा प्रश्न आज सर्वांच्या तोंडी आहे. भिंतींवर घोषणा आहेत, व्याख्याने आहेत, प्रभातफेऱ्या आहेत. परंतु घोषणा ऐकणारा माणूस केवळ ऐकतो. खेळणाऱ्याला निर्णय घ्यावा लागतो. म्हणून संगणकावरील साधे खेळ या प्रचाराला कितपत उपयोगी पडतात, हे स्वानुभवाच्या आधारे मांडण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

खेळातून शिकवण देणे आपल्याला नवे नाही. आपली सापशिडी म्हणजे मूळचा मोक्षपट. सद्गुणाच्या शिडीने खेळाडू वर चढे, दुर्गुणाच्या सापाने खाली येई. या पटाचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. उपदेश पटावर लिहिलेला असला, तरी तो मनावर ठसे सोंगटी घसरल्यावरच.

आज असा पट संगणकावर मांडणे विद्यार्थ्यालाही शक्य आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील मिचेल रेस्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली 'स्क्रॅच' ही प्रणाली मुलांसाठी खुली केली. ती विनामूल्य आहे. तिच्यात लांबलचक आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकाखाली एक जुळवले, की पडद्यावरील चित्र हलू लागते. एखादा आकडा साठवून ठेवण्याची सोयही तिच्यात आहे. या सोयीचे महत्त्व मला पुढे कळले.

आमच्या घरी संगणक नाही. महाविद्यालयाच्या संगणक-कक्षात मी प्रथम सापशिडीच तयार केली. झाड लावले की शिडी, कोळसा जाळला की साप. सुटीत गावी शेजारच्या मुलांना ती मोबाइलवर खेळायला दिली. मुले खूश झाली, पण सातवीतला एक मुलगा हरल्यावर म्हणाला, "दान वाईट पडलं, त्यात माझी काय चूक?" मी निरुत्तर झाले. फाशावर चालणारा खेळ हवामानबदल हे नशीब आहे असे शिकवतो, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

दुसऱ्या खेळात मी फासा काढून टाकला. प्रत्येक फेरीत किती कोळसा जाळायचा, हे खेळाडूनेच ठरवायचे. त्यातून निघणारा वायू 'साठा' या आकड्यात जमा होई आणि पुढच्या फेरीत तो पुसला जात नसे. वस्तुस्थितीही तशीच आहे. हवाई बेटांतील मौना लोआ येथे चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली मोजणी सुरू केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग होते. २०२३ साली ते ४२० हून अधिक झाले. या वायूचा बराच अंश शतकानुशतके हवेत राहतो. व्याख्यानात ही गोष्ट चटकन पटत नाही. खेळात तिसऱ्या फेरीलाच एक मुलगी ओरडली, "ताई, मी कमी जाळलं तरी आकडा वाढतोच आहे!"

माझी आई शेजारी बसून हे पाहत होती. ती शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, "सगळ्यांची घरं सारखीच काढलीस होय? आपली एक चूल, न् त्यांच्या चार मोटारी. दोघांना माप एकच कसं?"

तिचा प्रश्न रास्त होता. २०२२ साली कोळसा, तेल इत्यादी इंधनांपासून निघालेला कार्बन डायऑक्साइड भारतात दरडोई सुमारे २ टन, तर अमेरिकेत सुमारे १५ टन होता. माझा खेळ मात्र दोघांना एकाच रेषेवर उभे करीत होता. म्हणून तिसऱ्या खेळात घरे वेगवेगळी केली. ज्याचा वायू अधिक, त्याने कपात अधिक करायची; साठा मर्यादेपलीकडे गेला, तर दुष्काळ मात्र सर्वांच्या शेतावर. लहान घराचा खेळाडू चिडून विचारू लागला, "मी काही केलं नाही, मग माझं पीक का गेलं?" हा प्रश्न मी कोठेही लिहून ठेवला नव्हता. तो नियमातून निघाला.

यावरून मला असे वाटते, की खेळाने प्रचार करू इच्छिणाऱ्याने चित्रे आणि रंग नंतर पाहावेत. प्रथम नियम कागदावर लिहावा आणि तो खरा आहे का, न्याय्य आहे का, हे तपासावे. तपासायला जाणकार तर हवेतच; पण ज्याच्या शेतावर दुष्काळ येतो, त्यालाही एकदा तो खेळ दाखवावा.