विष्णुक्रांतेची लागवड

भाद्रपद जवळ आला म्हणजे पेण व रोहा येथील बाजारांत पत्रीच्या जुड्या विक्रीस येतात. गणपतीस वाहावयाच्या २१ पत्रींत विष्णुक्रांतेची गणना आहे. आम्ही पाहिलेल्या जुड्यांत ती बहुधा नव्हतीच, आणि जेथे होती तेथे मुळासकट उपटलेली होती. मूळ गेले म्हणजे पुढील वर्षीचे रोपही गेले. म्हणून ही वनस्पती प्रत्येकाने आपल्या बागेत लावावी, असे आमचे मत आहे.

विष्णुक्रांता जमिनीसरशी पसरते. काड्या बारीक व लवदार, पाने लहान व लांबट, फुले फिकट निळी, मुगाच्या दाण्याहून थोडी मोठी. सकाळी उमलतात व दुपारपर्यंत मिटतात. कुळ रताळ्याचे, परंतु ही कशासही वेढे घालीत नाही. लिनिअस या पंडिताने १७६२ साली दिलेल्या 'इव्हॉल्व्ह्युलस' या लॅटिन नावाचा आशयही तोच आहे.

रोपवाटिकांत याच नावाने पुष्कळदा एक ठसठशीत गडद निळ्या फुलांचे झुडूप मिळते. ते मूळचे ब्राझीलचे, हिचे भावंड खरे, पण विष्णुक्रांता नव्हे. शोभेकरिता ते खुशाल लावावे. पूजेकरिता व औषधाकरिता घेताना मात्र फुलाचा आकार पाहून घ्यावा.

आता जमिनीविषयी. आमची सारी नोकरी महसुलाच्या दप्तरात गेली. दगडमुरमाच्या तुकड्याची तेथे 'पोटखराबा' अशी नोंद होते, आणि एकदा नोंद झाली की धन्याचेही तिकडे लक्ष राहत नाही. विष्णुक्रांतेस नेमका तोच तुकडा मानवतो. आम्ही प्रथम चूक केली ती येथेच. विहिरीजवळ शेणखत घालून उत्तम वाफा केला, रोपे लावली, आणि आषाढात पाणी साचून ती सर्व कुजली. आपल्याकडे वर्षास सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. तेव्हा उतार असलेली, पाणी न थांबणारी जागाच निवडावी. दुसऱ्या वर्षी वरकसाच्या कडेस मुरमाड उतारावर लावली, ती टिकली.

बियांचे कवच कठीण असते. वाळूत हलके चोळून रात्रभर भिजवाव्या व वैशाखात मातीच्या परळात पेराव्या. मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे वीतभर अंतराने रोपे लावावी. खत घालू नये. निंदणी मात्र पहिल्या दोन महिन्यांत चुकवू नये, कारण केना लगेच शिरतो. त्याचेही फूल निळे असल्याने घरची मुले त्यास राखतात. परंतु तो पेरापेरास मुळे धरतो व वाफा गिळतो. त्याची भाजी करावी हेच बरे.

खारेपाटातील बंधूंनी विष्णुक्रांतेकरिता मुरमाचा उंच ओटा घालावा. सखल, ओलसर जागी नीरब्राह्मी लावावी. तिची फुले निळसर पांढरी असतात, ती ओल सोसते व थोडे खारेपणही सोसते.

पत्री काढताना शेंडे कात्रीने खुडावे, प्रत्येक रोपाच्या निम्म्याहून अधिक काड्या घेऊ नयेत. आश्विनात रोप पुन्हा फुटते. बोंडे सुकून उकलण्यापूर्वी बी काढून कागदात बांधून ठेवावे. शेजाऱ्याने मागितल्यास मूठभर द्यावे, रोप उपटून देऊ नये.