अस्वलाचं सोडा, नाल्याचं बोला

प्रश्न : सह्याद्रीत मी बरीच वर्षं एकट्याने हिंडतो. आता काश्मीरमध्ये सोनमर्गहून नारानागपर्यंतची तळ्यांची वाट सॅक पाठीवर टाकून एकट्यानेच चालायची इच्छा आहे. घरचे अस्वलांची भीती घालतात. तिथे खरंच घाबरण्यासारखं काय आहे? आणि एका तळ्याचं पाणी निळं तर दुसऱ्याचं हिरवट, असं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : अस्वलं आहेत, नाहीत असं नाही. खाण्याचं सामान उशाशी घेऊन झोपू नका, म्हणजे त्यांची काळजी बरीचशी मिटते. त्यांच्यापेक्षा बकरवालांचे कुत्रे जास्त भेटतील. उन्हाळ्यात हे मेंढपाळ कळप घेऊन या कुरणांवर येतात आणि राखणीचे कुत्रे परक्याला जवळ फिरकू देत नाहीत. कळपातून वाट काढू नका. लांबूनच हाळी द्या आणि मालक कुत्र्याला आवरेपर्यंत थांबा. त्यानंतर कदाचित खारट चहाही मिळेल.

भीती बाळगायचीच तर उंचीची बाळगा. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि विशनसर तळं सुमारे ३,७०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास. सह्याद्रीतला दमसास इथे कधीकधी उलटा नडतो, कारण तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि रात्री डोकं धरून बसतो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा संकेत आहे. सोनमर्ग सुमारे २,७०० मीटरवर. तिथून पहिल्याच दिवशी निचनाई खिंडीच्या पायथ्याशी तंबू ठोकणारे बरेच. ती उडी मोठी आहे. सोनमर्गला एक जादा रात्र काढा. विशनसरलाही एक दिवस थांबा, रिकाम्या पाठीने किशनसरवर जाऊन या आणि झोपायला खाली उतरा. पुढची गडसर खिंड सुमारे ४,२०० मीटरची, या वाटेवरची सर्वांत उंच.

तुमच्या एकटेपणाचा प्रश्न इथे येतो. डोकं दुखतं, भूक मरते, हे आपलं आपल्याला कळतं. पण मेंदूला सूज येऊ लागली की माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ असं ठासून सांगतो. सोबती असला तर त्याच्या ते लक्षात येतं. एकटा असला की रोगी तोच आणि वैद्यही तोच, आणि वैद्याचीच शुद्ध हरपत चाललेली. म्हणून डोकं शाबूत असतानाच वहीत लिहून ठेवा: डोकेदुखीबरोबर मळमळ किंवा उलटी असेल तर चढणं बंद. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून पाहा. झोकांडी गेली तर ताबडतोब खाली, तर्क लढवत बसायचं नाही. गडसर खिंड ओलांडली की मोटारीचा रस्ता पुढेही लांब आणि मागेही लांब, शिवाय मागे फिरायचं तर तीच खिंड पुन्हा चढायची. तेव्हा थोडीही शंका असेल तर निर्णय विशनसरलाच करा.

आता नाले. आपल्याकडे ओढा फुगतो तो पावसाने. तिथे उन्हानेही फुगतो. दिवसभर बर्फ वितळतं आणि सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्याला लागतं. लोक एकमेकांचे हात धरून उतरतात. तुम्हाला फक्त काठीचा आधार. सॅकचा कंबरपट्टा सोडून, प्रवाहाकडे तोंड करून, तिरकं सरकत जा. पाय सुटलाच तर सॅक लगेच टाकता आली पाहिजे. पाणी वाढलेलं दिसलं तर अलीकडेच तंबू लावा आणि पहाटे पार करा. खिंडीही दुपारच्या आत ओलांडायच्या, कारण पुढे ढग उतरतात आणि वाट दिसेनाशी होते.

माझं मत विचाराल तर पहिल्या खेपेला गावातला एखादा घोडेवाला बरोबर घ्या. त्याने तुमचा एकटेपणा फारसा बाटत नाही. वाटेत लष्कराच्या चौक्या आहेत, ओळखपत्र हवंच; परवानगीचे नियम मात्र बदलत असतात, तेव्हा निघण्यापूर्वी श्रीनगरला चौकशी करा. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, ते तिथेच घ्या. विशनसरला पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं. तूरडाळ शिजता शिजत नाही. पोहे आणि सातूचं पीठ न्या, मेतकूट असेल तर उत्तमच.

राहिला रंग. हिमनदी सरकताना खालचा खडक पिठासारखा दळते. ते पीठ पाण्यात तरंगत राहतं, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि पाणी फिरोजी दिसतं. पीठ जास्त तर पाणी दुधट, कमी तर गडद निळं; खोली आणि ढगही रंग बदलतात. शेवटच्या टप्प्यात हरमुख शिखराच्या पायथ्याचं नुंदकोल पाहा. वर लटकलेल्या हिमनदीचं पाणी थेट त्यात येतं, आणि शेजारच्या मोठ्या गंगाबलचंही. याच हरमुखवरून १८५६ साली टी. जी. माँटगोमेरी या सर्वेक्षकाने सुमारे दोनशे किलोमीटरवरची दोन शिखरं टिपली आणि त्यांना के-वन, के-टू असे क्रमांक दिले. त्याचं ठाणं तळ्यांच्या खूप वर होतं. नुंदकोलच्या काठावरून के-टू टिपायला म्हणून कॅमेऱ्याची जड लेन्स वाहून नेऊ नका. त्यापुढे नारानागपर्यंत चौदाशे मीटरचा उतार आहे आणि तो सगळा गुडघ्यांवर येतो.