संधिवात आणि जॅक-रोधक औषधे

संधिवात म्हणजे उतारवयातील दुखणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गुडघ्यांच्या झिजेपुरती ती बहुतांशी खरीही आहे. परंतु ज्या विकाराला वैद्यकात ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस व मराठी परिभाषेत संधिवाताभ संधिशोथ म्हणतात, तो झिजेचा रोग नव्हे. तो ऐन कर्त्या वयातही जडतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दोन ते तीनपट अधिक आढळतो. सकाळी उठल्यावर बोटांचे व मनगटांचे सांधे तासाहून अधिक काळ आखडलेले राहणे, दोन्ही हातांचे तेच ते सांधे सुजणे आणि सोबत थकवा व बारीक ताप असणे ही त्याची ओळख होय. वेळीच उपचार न झाल्यास पहिल्या दोन-तीन वर्षांतच कूर्चा व हाड खाल्ले जाते. वाकडी झालेली बोटे नंतर कोणत्याही औषधाने सरळ होत नाहीत.

हा रोग आपल्याकडे किती आहे, याचे एक विश्वसनीय उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात असलेल्या भिगवण येथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली. त्यांत या रोगाचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का आढळले. याचा अर्थ, दोन हजार प्रौढांच्या गावात असे दहाएक रुग्ण असू शकतात. निंदणी-खुरपणी, दळण-कांडण, धारा काढणे ही कामे ज्या हातांवर चालतात, त्याच हातांवर हा रोग घाला घालतो. म्हणून हा केवळ एका व्यक्तीच्या प्रकृतीचा प्रश्न राहत नाही.

जुने उपाय

शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा परके जंतू ओळखून त्यांचा नाश करते. या रोगात ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. असे उलटणारे अनेक रोग आहेत. त्यांना ऑटोइम्यून रोग म्हणतात. सोरायसिस, कोड, चाई व मोठ्या आतड्याला व्रण पाडणारा दाह ही त्यांतील काही उदाहरणे होत.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी २९ वर्षांच्या एका स्त्रीला कॉर्टिसोन टोचले. अंथरुणात कूस बदलणेही तिला जड जात होते. आठवडाभरात ती बाजारात फेरफटका मारू लागली. या कार्याबद्दल हेंच, केंडाल व राइखस्टाइन यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र हे औषध दीर्घकाळ घेतल्यास हाडे ठिसूळ होतात, मधुमेह उद्भवतो आणि जंतुसंसर्ग बळावतो, हेही लवकरच ध्यानी आले. तीन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या काही बेनामी पुड्यांमध्ये पुष्कळदा हेच स्टिरॉइड असते, हे या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

उपचारांचा खरा पाया ठरला तो मेथोट्रेक्सेटचा. मूळच्या आंध्रातील डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली लेडर्ली प्रयोगशाळेत हे औषध तयार झाले, ते कर्करोगासाठी. अल्प मात्रेत ते संधिवातावर गुणकारी ठरते, हे सिद्ध होऊन १९८८ साली अमेरिकेत त्यास या रोगासाठी मान्यता मिळाली. आजही उपचाराचा आरंभ सामान्यतः याच स्वस्त गोळीने होतो. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेतते आणि अशा चुका घडतात. ज्याच्या घरी ही गोळी आहे, त्याने तिचा वार कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

१९९८ पासून टीएनएफ या दाहकारक प्रथिनाला निष्प्रभ करणारी इंजेक्शने आली. ती प्रभावी आहेत. परंतु ती जिवंत पेशींत तयार करावी लागतात, त्यामुळे महाग पडतात. लशीप्रमाणे ती २ ते ८ अंश तापमानात सांभाळावी लागतात. पोटात घेण्याजोगी, साध्या रासायनिक प्रक्रियेने बनणारी गोळी असावी, ही गरज येथून स्पष्ट झाली.

‘आणखी एक किनेज’

या गोळीचा उगम संधिवाताच्या संशोधनात नाही. मेलबर्न येथील लुडविग कर्करोग संशोधन संस्थेत अँड्र्यू विल्क्स हे किनेज या वर्गातील एंझाइमांचा शोध घेत होते. दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा अंश जोडून त्याला कार्यप्रवृत्त करणे, हे किनेजचे काम. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात अनेक नव्या किनेजांच्या खुणा होत्या. त्यांपैकी दोहोंना प्रयोगशाळेत थट्टेने ‘जस्ट अनदर किनेज’, अर्थात ‘आणखी एक किनेज’, असे नाव पडले. त्याच्या आद्याक्षरांवरून जॅक हा शब्द रूढ झाला. पुढे असे दिसले की, या प्रथिनात किनेजसारखे दिसणारे दोन भाग शेजारी-शेजारी आहेत. एक काम करतो, दुसरा वरवर पाहता निष्क्रिय. तेव्हा दोन तोंडांच्या रोमन देवतेवरून त्याला जेनस किनेज हे भारदस्त नाव मिळाले. आद्याक्षरे तीच राहिली. या कुटुंबात जॅक-१, जॅक-२, जॅक-३ आणि टिक-२ असे चार सदस्य आहेत.

त्यांचे काम काय, याचा उलगडा १९९२ च्या सुमारास न्यूयॉर्क येथील जेम्स डार्नेल, तसेच जॉर्ज स्टार्क व इयन कर यांच्या गटांनी केला. विषाणूची लागण झालेली पेशी इंटरफेरॉन हे प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. या संदेशाला दाद न देणाऱ्या सदोष पेशी स्टार्क व कर यांनी मुद्दाम तयार केल्या होत्या. त्यांत टिक-२ चे जनुक घालताच एका प्रकारच्या पेशी पुन्हा दाद देऊ लागल्या. कोडे सुटले.

इंटरफेरॉन, इंटरल्यूकिन यांसारख्या संदेशवाहक प्रथिनांना सायटोकाइन म्हणतात. सायटोकाइन पेशीच्या आत शिरत नाही. कार्यालयाच्या खिडकीशी टपाल यावे, तसे ते पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहीशी येऊन थांबते. ग्राहीच्या आतल्या टोकाला जॅक बसलेला असतो. संदेश येताच तो जागा होतो आणि स्टॅट नावाच्या प्रथिनावर फॉस्फेटचा जणू शिक्का उमटवतो. शिक्का बसलेले स्टॅट जोडीने पेशीकेंद्रकात जाते व ठरावीक जनुके चालू करते. संधिवातात सांध्याच्या अस्तरात हे टपाल अखंड येत राहते. जॅक-रोधक औषध हे एंझाइमच्या खाचेत, जेथे फॉस्फेट पुरवणारा एटीपी बसतो तेथे, स्वतः जाऊन बसते. त्यामुळे टपाल येत राहिले, तरी शिक्का उमटत नाही.

लहान मुलांच्या आजारातून मिळालेला धागा

इतक्या मूलभूत एंझाइमाला अडवणे सुरक्षित असेल, हे कोणाला कशावरून सुचले? याचे उत्तर एका दुर्मीळ बालरोगात आहे. काही मुले जन्मतःच रोगप्रतिकार यंत्रणेविना येतात. साधा सर्दी-खोकलाही त्यांना मारक ठरतो. मुलांनाच होणाऱ्या या विकाराच्या एका प्रकारात अनेक इंटरल्यूकिनांना सामाईक असलेल्या एका ग्राहीचे जनुक बिघडलेले असते, हे १९९३ साली आढळले. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सरकारी राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जॉन ओशे यांच्या प्रयोगशाळेने जॅक-३ शोधला. तो त्याच ग्राहीला बिलगून असतो, हेही लवकरच दिसून आले. मग जॅक-३ बिघडला तर तोच आजार व्हावयास हवा. १९९५ साली तसे रुग्ण खरोखरच सापडले.

या बालकांची यकृत, मेंदू, हृदय ही इंद्रिये शाबूत होती. बिघाड होता तो केवळ प्रतिकारशक्तीत. त्यावरून जॅक-३ ला अडवणारे औषध प्रतिकारशक्तीलाच आवर घालील आणि इतर अवयवांना धक्का लावणार नाही, असे अनुमान निघाले. ओशे यांचा गट व फायझर कंपनी यांनी या दिशेने सहकार्य केले. २००३ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संयुगाला पुढे टोफासिटिनिब हे नाव मिळाले.

अनुमान निम्मेच बरोबर ठरले. हे संयुग केवळ जॅक-३ ला नव्हे, तर जॅक-१ लाही आणि काही प्रमाणात जॅक-२ लाही अडवते. चारही एंझाइमांच्या खाचा एकमेकींसारख्या असल्याने काटेकोर निवड कठीण असते. प्रारंभी अवयवरोपणानंतर उपयोग करण्याचा विचार होता; पण मूत्रपिंड-रोपणाच्या रुग्णांत संसर्ग वाढल्याने तो मार्ग मागे पडला. संधिवातात मात्र यश आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ६११ रुग्ण होते. सुजलेल्या व दुखऱ्या सांध्यांत किमान २० टक्के सुधारणा हा निकष धरला, तर ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेणाऱ्यांपैकी ५९.८ टक्के रुग्णांना तीन महिन्यांत गुण आला. औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २६.७ टक्के होते. हा दुसरा आकडा शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावा. औषध न घेताही चौघांत एकाला बरे वाटते. म्हणूनच ‘अमक्याला गुण आला’ हा पुरावा होऊ शकत नाही.

नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेने टोफासिटिनिबला संधिवातासाठी मान्यता दिली. युरोपीय औषध संस्थेने २०१३ साली संसर्गाच्या धोक्याकडे बोट दाखवून नकार दिला आणि २०१७ मध्ये मान्यता दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या तुलनेत बॅरिसिटिनिब ही दुसरी गोळी बारा आठवड्यांनंतर टीएनएफ-रोधक इंजेक्शनाहून किंचित सरस ठरली. प्रमाण ७० विरुद्ध ६१ टक्के होते. २०१९ मध्ये अमेरिकेत उपाडासिटिनिब आले. आतड्याचा व्रणदाह, सोरायसिसबरोबर येणारा संधिवात, चाई या रोगांतही या वर्गातील औषधांना मान्यता मिळाली. कोडावर जॅक-रोधक मलम निघाले.

किंमत

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता देताना एक अट घातली होती : बाजारात आल्यानंतरही दीर्घ चाचणी घ्यावी. २०१४ साली सुरू झालेल्या या चाचणीत पन्नाशी ओलांडलेले आणि हृदयविकाराचा किमान एक धोका असलेले ४,३६२ रुग्ण होते. निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे चार वर्षांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा तत्सम कारणाने मृत्यू यांचे प्रमाण इंजेक्शन घेणाऱ्यांत हजारी २५, तर टोफासिटिनिब घेणाऱ्यांत हजारी ३४ होते. कर्करोगाचे प्रमाण हजारी २९ व ४२ असे होते. फरक थोडा दिसतो. पण तो वर्षानुवर्षे घ्यावयाच्या औषधाचा आहे. प्राथमिक निष्कर्ष हाती येताच सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेने संधिवातावरील तिन्ही गोळ्यांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले आणि टीएनएफ-रोधकाचा उपयोग न झाल्यासच त्या द्याव्यात, असे बंधन घातले. युरोपनेही ६५ वर्षांवरील व धूम्रपान करणाऱ्या रुग्णांबाबत सावधगिरीचे नियम केले. मान्यतेनंतर नऊ वर्षांनी धोका पुढे आला, तो ती अट होती म्हणूनच.

दुसरीकडे, जेनसच्या ‘निष्क्रिय’ तोंडाकडे संशोधक वळले आहेत. ते निष्क्रिय नसून कामाच्या तोंडाला लगाम घालते, असे आढळले. चार भावंडांच्या कामाच्या खाचा सारख्या असल्या, तरी हे भाग वेगवेगळे आहेत. टिक-२ च्या या भागाला चिकटणाऱ्या ड्यूक्रावासिटिनिबला २०२२ साली सोरायसिससाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. इतर भावंडांना ते जवळजवळ शिवत नाही.

आपल्याकडील प्रश्न

मे २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत बॅरिसिटिनिबला भारतात मर्यादित वापरासाठी परवानगी मिळाली आणि मूळ कंपनीने अनेक भारतीय कंपन्यांना उत्पादनाचे परवाने दिले. टोफासिटिनिबही येथे बनते. शीतसाखळीची गरज नसलेली गोळी तालुक्याच्या औषध दुकानापर्यंत सहज पोचते. तपासणी मात्र तितक्या सहज पोचत नाही आणि खरी अडचण येथे आहे.

भारतात पुष्कळांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्तावस्थेत असतात. त्यांना कोंडून ठेवण्याचे काम ज्या सायटोकाइनांच्या आज्ञेने चालते, त्यांतील इंटरफेरॉन-गॅमाचा संदेश जॅक-१ व जॅक-२ मार्फतच जातो. तो रोखला की कोंडलेला क्षय मोकळा होऊ शकतो. म्हणून गोळी सुरू करण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि सुप्त क्षयाची त्वचा किंवा रक्तचाचणी आवश्यक असते. सुप्त क्षय आढळल्यास आधी त्यावरील औषध द्यावे लागते. यकृतदाहाच्या ब व क विषाणूंची तपासणीही करतात. औषध चालू असताना रक्तपेशी, यकृत व रक्तातील मेद यांची ठरावीक काळाने चाचणी होते. नागीण उठण्याचा संभव वाढतो. जिवंत जंतूंची लस या काळात देत नाहीत आणि गर्भवतीने ही गोळी घेऊ नये.

गावातील एखादी स्त्री अशी गोळी घेत असेल, तर दोन आठवड्यांहून अधिक खोकला, रोज संध्याकाळी येणारा ताप, अंगावर एका बाजूस पुरळाचा पट्टा, एकाच पायाला अचानक सूज किंवा छातीत कळ यांपैकी काहीही दिसताच तिला आरोग्य केंद्रात पाठविले पाहिजे आणि सोबत गोळीचे पाकीट दिले पाहिजे. केंद्रातील डॉक्टरला संधिवाताच्या रुग्णाचा ताप एरवी साधा वाटू शकतो. पाकिटावरील नाव वाचल्यावर तो प्रथम थुंकीची तपासणी सांगेल.