घाटातला पैसा कुणाच्या खिशातून येतो?

मंचर, नारायणगाव, घोडेगाव, ओतूर या पट्ट्यात दहावी-बारावीच्या पालकांशी बोलायला बसलं, की इंजिनिअरिंग-मेडिकलचे प्रश्न संपल्यावर एखादे वडील मागे रेंगाळतात. आवाज खाली आणून म्हणतात, "सर, पोरगं गोठ्यातनं बाहेरच निघत नाही. गाड्याचा नाद लागलाय. यात पुढं काही आहे का?"

आहे. पण पोरगं जिथं बघतंय तिथं नाही.

कुठल्याही खेळात मुलाचं पोट भरेल का हे ठरवताना बक्षीस किती, हा प्रश्न सगळ्यांत शेवटी विचारावा. आधी विचारावं, हा पैसा देतो कोण, वर्षातले किती महिने देतो, आणि कुणाच्या आदेशाने तो एका दिवसात बंद होऊ शकतो. या कसोटीवर आपला बैलगाडा घासून बघू.

बंदीच्या प्रश्नाचं उत्तर या पट्ट्याने सोसलेलं आहे. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. 2017 साली राज्याने कायदा केला, त्यालाही उच्च न्यायालयात स्थगिती मिळाली. 16 डिसेंबर 2021 ला अटींसह परवानगी आली. लगेच 1 जानेवारीला लांडेवाडीच्या घाटात शर्यत ठरली, तर कोरोनाचे निर्बंध आडवे आले आणि ऐन वेळी ती रद्द झाली. घटनापीठाचा अंतिम निकाल लागला तो 18 मे 2023 रोजी. म्हणजे 2014 ते 2021 अशी साडेसात वर्षं हा धंदा कागदावर शून्य होता. त्या काळात चोरूनमारून गाडे पळवणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. पुढे ते मागे घेण्याची घोषणा झाली खरी, पण पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलाच्या चारित्र्य पडताळणीत असा गुन्हा निघाला तर काय होतं, हे ज्याच्या घरी घडलं त्यालाच विचारा. आजही बैलाला क्रूरपणे वागवलं तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलाला घाटात पाठवताना ही अट त्याला वाचून दाखवा.

आता पैसा. आपल्याकडचा गाडा चार बैलांचा. धुरीला म्हणजे गाड्याजवळ दोन, जुकाटाला म्हणजे त्यांच्या पुढे दोन, आणि सगळ्यांत पुढे घोडी. झेंडा पडतो, चढाच्या घाटात दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते, लाऊडस्पीकरवर सेकंद पुकारले जातात आणि गुलाल उडतो. त्या गुलालामागचा हिशेब मात्र कुणी पुकारत नाही. बक्षीस येतं जत्रेच्या वर्गणीतून, गावकीतून आणि मोठ्या प्रमाणावर पुढाऱ्यांकडून. 2022 साली चिखलीच्या शर्यतीत पहिल्या बक्षिसाला जेसीबी होता. ट्रॅक्टर, बुलेट तर आता नवलाईची राहिली नाहीत. पण निवडणुका जवळ आल्या की बक्षिसं फुगणार आणि झाल्या की उतरणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. हंगाम माघापासून फार तर वैशाखापर्यंत. बैल मात्र बारा महिने खातो, आणि शर्यतीचा बैल साध्या वैरणीवर राहत नाही. त्याला दूध, अंडी, डाळ, पेंड, दिमतीला माणूस, न्यायला-आणायला पिकअप. त्यातून बरेच गाडे दोन-तीन मालकांनी बैल जुळवून केलेले असतात. समजा लाखाचं बक्षीस मिळालं, तर ते तिघांत वाटा आणि पिकअपचं भाडं वजा करा. पेंडीचं बिल तरी निघतं का बघा.

थोडाफार खरा पैसा दिसतो तो बैलाच्या विक्रीत. पळणाऱ्या खिल्लार बैलाला लाखांत मागणी येते. पण बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात उभं राहून खोंडाचे पाय, छाती, नजर पारखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्यातच मुरलेली आहेत. अठराव्या वर्षी घरची जमीन गहाण टाकून तिथं उतरायचं नसतं.

ही गत बैलगाड्याचीच आहे असं नाही. गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ. तिथंही व्यावसायिक खेळाडू पहिल्या दोन दिवसांत मागे पडला तर बहुतेक स्पर्धांत रिकाम्या हाताने घरी जातो, आणि प्रवासाचा, कॅडीचा खर्च अंगावर येतो. गोल्फचा जागतिक धंदाही कायम तेजीत नव्हता. अमेरिकेत 2006 नंतर अनेक वर्षं नवी मैदानं निघण्यापेक्षा जुनी बंदच जास्त होत होती. 2016 मध्ये नायकेने गोल्फच्या काठ्या-चेंडू बनवणं सोडलं, पुढच्या वर्षी आदिदासने आपली गोल्फ कंपनी टेलरमेड विकून टाकली. मग कोरोना आला, मोकळ्या हवेतला खेळ म्हणून लोक परत वळले आणि धंदा पुन्हा उभा राहिला. या सगळ्या चढउतारात जी मैदानं चालू राहिली, तिथलं गवत मात्र रोज कापावं लागत होतं. आपल्याकडचा गोल्फपटू एस. एस. पी. चौरासियाने 2016 आणि 2017 असा लागोपाठ दोनदा इंडियन ओपन जिंकला. त्याचे वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये मैदानाची निगा राखायचे. मुलाची उडी हजारात एखाद्याला जमते. मी पालकांना वडिलांच्या नोकरीकडे बघायला सांगतो.

येरवड्याला पूना क्लबचं गोल्फ मैदान आहे, बावधनच्या डोंगरात ऑक्सफर्डचं. तिथला पैसा सभासदांच्या वर्गणीतून आणि खेळण्याच्या शुल्कातून येतो. जत्रा असो नसो, तो येतच राहतो. होलभोवतीचं गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवावं लागतं. तेवढ्या उंचीवर पाणी जरा जास्त झालं की बुरशी, कमी झालं की गवत करपतं. द्राक्षबागेत ठिबकचं वेळापत्रक सांभाळलेल्या, टोमॅटोवरचा रोग पानावरून ओळखणाऱ्या आपल्या पोरांना हे काम परकं नाही. फक्त त्याला शिक्षणाची जोड हवी. बीएस्सी ॲग्री किंवा हॉर्टिकल्चर करा. त्याला सीईटी द्यावी लागते. पुण्याजवळ गोल्फची मैदानं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, म्हणून एकट्या गोल्फवर विसंबू नका. गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम, फुटबॉलची मैदानं, आयटी पार्क, टाउनशिप, सगळीकडे हिरवळ सांभाळणारा जाणकार लागतो. एक धोका इथंही आहे. 2016 च्या दुष्काळात पाण्यावरून उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. म्हणून सांडपाणी शुद्ध करून हिरवळीला देण्याचं तंत्र ज्याला येईल, त्याची मागणी दुष्काळातही टिकेल असं माझं मत आहे.

आणि ज्याचा जीव खरोखर जनावरात आहे त्याला गवताकडे ढकलू नका. त्याने पशुवैद्यक व्हावं. शर्यतीआधी बैलांची तपासणी डॉक्टरने करायची असते, पण तेवढ्यावर दवाखाना चालत नाही. दवाखाना चालतो गाईंवर. मंचरला पराग मिल्क फूड्स 1992 पासून आहे, गावोगाव दूध संकलन आहे, आणि दुधाचा पैसा माघ-वैशाख बघत नाही. पदवी साडेपाच वर्षांची, नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. आपल्याला सोयीचं कॉलेज शिरवळला. तेवढे गुण नसतील तर पशुसंवर्धनाची पदविका आहे. शर्यतीत ड्रोन उडवणारे, यूट्यूबवर घाट थेट दाखवणारे, निवेदन करणारे यांचंही बरं चाललंय. पण कॅमेरा-एडिटिंग लग्नसराईतही चालेल इतपत शिकलेलं असावं.

घरचा गाडा विका, असं मी कुणालाही सांगत नाही. सांगायचं एवढंच की यंदाच्या हंगामात खुराक, भाडं, मजुरी आणि बक्षीस यांचा हिशेब मुलालाच वहीत लिहायला लावा. बारावीला जीवशास्त्र घेतलेल्या मुलाने जत्रेच्या गडबडीत नीटचा अर्ज चुकवू नये. पशुवैद्यकाचा प्रवेश त्याच गुणांवर होतो.